आजेसासूबाईंची माहेश्वरी, लेकीचा नाताळचा ड्रेस आणि कोपराखालची बाही

सुईदोरा | २२ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मंडळी, वर्षभर इथे नुसती वाचत होते. आज लिहितेय, कारण समोर साडी पसरली आहे, हातात कात्री आहे आणि कापायचा धीर होत नाही.

आधी थोडं घरचं. आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. सासऱ्यांचे आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत हिंदी, चर्चमध्ये हिंदी. त्यामुळे घरात जो नाताळ असतो तो फाटकाबाहेर पडला की 'बडा दिन' होतो. सण तोच.

नाताळचे कपडे घरी शिवायचे हा सासूबाईंचा जुना नेम. "विकतचा फ्रॉक म्हणजे दुसऱ्याच्या पोरीच्या मापाचा," असं त्या म्हणतात. मी शिवण त्यांच्याकडूनच शिकले. मशीनही त्यांचंच, पायाचं, काळं. त्यावरची सोनेरी वेल त्यांच्या हाताखाली राहून अर्धी पुसली गेलीय. यंदा त्यांचा हात थरथरायला लागला. कापड बेतणं, सुईत दोरा ओवणं सगळं माझ्याकडे आलं. त्या बाजूला खुर्ची घेऊन बसतात आणि दर पाच मिनिटांनी "मार्जिन सोड" म्हणतात.

आता मुद्दा. लेक पंधरा वर्षांची आहे. तिला फोनवर पाहिलेला ड्रेस हवा: नेटचा, खांदे उघडे. सासूबाईंचे नियम तीन. गळ्याखालचं हाड झाकलेलं, बाही कोपराखाली, घेर पोटरीखाली. तीन दिवस आजी-नातीचा अबोला आणि माझी निरोप्याची नोकरी. चौथ्या दिवशी गरम कपडे काढायला ट्रंक उघडली, तर तळाशी आजेसासूबाईंची माहेश्वरी निघाली. डाळिंबी रंग, बारीक किनार, चटाईची वीण. लेकीने अंगाला लावून पाहिली आणि म्हणाली, "याचा शिवणार असशील तर बाही लांब चालेल."

पण साडी घड्यांवर गेलीय. उलगडली तशी चार ठिकाणी ब्लेडने कापल्यासारखी आडवी फाटली. साडेपाच मीटरपैकी सलग धड तुकडा सव्वातीन मीटरचा मिळतोय. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच.

कापू का? आणि कापायची तर कशी? लेकीची छाती ३२, कंबर २७. कॅरलवाले, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी म्हणणारे, १५ डिसेंबरनंतर कोणत्याही रात्री येऊन धडकतात, म्हणजे तोवर कपडा अंगावर हवा. धाकट्यासाठी जाकीट शिवायचंय, नणंद तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरहून येतेय, फराळ व्हायचाय आणि केकचा सुका मेवा मात्र भिजून तयार बसलाय.

राजवाडा७१ | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

भिया, नका कापू! माझ्या आईची अशीच एक आहे. वर्षातून एकदा ऊन दाखवतो आणि परत ठेवतो. कापली की गेली.

धारवाली | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

राजवाडाजी, ऊन दाखवणं हेच तर तिला मारतंय. आणि दर वर्षी त्याच घडीवर घडी घातलीत तर पुढच्या पिढीच्या हातात पट्ट्या येतील. सुईदोरा, कापा बिनधास्त. पोरगी आपणहून आजेसासूबाईंची साडी मागतेय, हे रोज होत नाही.

धाकट्याच्या जाकिटाला बाग प्रिंट घ्या. आमच्या धार जिल्ह्यातलं बाग. लाल-काळं असतं, नाताळला वेगळी लाल शोधायला नको. तो लाल तुरटीवर चढतो आणि काळा लोखंडाचा असतो. रंग पक्का, पण ठोकळ्याची छपाई आहे, पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडा जादा रंग सोडतेच. कापायच्या आधी एकटं धुवा, सावलीत वाळवा. न धुता पांढऱ्या अस्तरावर शिवलंत तर पहिल्या धुण्यात अस्तर गुलाबी. अनुभव आहे, विचारू नका.

निवृत्त_शिंपी | २३ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

ताई, चाळीस वर्षं मशीनवर होतो. आता डोळे थकले म्हणून फोनवर शिवतो.

साडी कापायच्या आधी ती कशी फाटली ते नीट बघा. माहेश्वरीत रिवाजाने उभा धागा म्हणजे ताणा रेशमाचा आणि आडवा बाणा सुताचा. साडीची घडी आडवी पडते, म्हणजे घडीवर मोडतो तो रेशमी ताणा. तुमचं रेशीम म्हातारं झालंय, सूत अजून धड आहे. म्हणून ड्रेसचं ओझं सुतावर टाका, रेशमावर नको.

घेर साडीच्या लांबीत घ्या, म्हणजे एक किनार आपोआप खाली पायाशी येते. सव्वादोन मीटर, म्हणजे ८८ इंच घेर. २७च्या कंबरेला तिपटीहून जास्त, चुण्या भरपूर. पन्ह्यातून ३४ इंच उंची घ्या, पोटरीखाली येईल. असा कापलात की घेर बाण्यावर लटकतो, म्हणजे वजन सुतावर. वर उरते ११ इंचांची लांब पट्टी, तिला दुसरी किनार असते. ती बाहीच्या कफला आणि गळ्याला घ्या.

राहिला एक मीटर. त्यात पाठ आणि पुढा शेजारी-शेजारी बसवा, १८-१८ इंच रुंद, १६ लांब. त्याखाली २३ इंच उरतात, त्यात दोन बाह्या. इथे ताणा उभा येतो, पण ड्रेस फाटतो तो पाठीवर आडवा ताण पडून. तो ताण पुन्हा सुतावरच येतो. कापडच तुमच्या बाजूचं आहे.

अस्तर मलमलचं. रात्रभर पाण्यात ठेवा, ओलसर असतानाच इस्त्री करा. अस्तर वेगळं शिवून आत सोडू नका. प्रत्येक तुकडा अस्तरावर ठेवून चारी बाजूंनी कच्चा टाका मारा आणि दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवा. टाचण्या नकोत, जुन्या रेशमाला भोक पडलं की ते बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. सुई ११ नंबर, नवी.

आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच. सगळं तिथे आहे. पूर्ण बाहीचा कपडा पोरींना कैद वाटतो तो बाहीमुळे नाही, खोल मुंढ्यामुळे. लोक 'आरामात राहू दे' म्हणून साडेआठ इंच कापतात. मग हात वर केला की बाही कमरेपासून अख्खा ड्रेस ओढते. ३२ छातीला साडेसहा, फार तर सात. बाहीचा वरचा उभार थोडा कमी ठेवा. मुंढा काखेजवळ असला की हात एकटा वर जातो, ड्रेस जागेवर राहतो. तरी भीती वाटली तर कुर्त्याला असतो तसा काखेत चौकोनी तुकडा टाका.

गराडू | २३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

शिंपीकाका, हे वाचून मी माझा लग्नातला शर्ट आठवला. वरमाला घालताना बाहेर आला होता. आज कळलं का ते.

सुईदोराताई, मलमल एम. टी. क्लॉथ मार्केटात बघा, लेस-बटणं सीतलामाता बाजारात. आणि एवढ्या जवळ गेलात तर रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, न खाता परत येऊ नका, थंडी पडून राहिलीय आणि कढया चढल्यात. ताई, माझा शिवणाशी संबंध एवढाच.

सुईदोरा | २४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

राजवाडाजी, काल रात्रभर तुमचंच वाक्य डोक्यात होतं. सकाळी सासूबाईंना विचारलं. साडी त्यांच्या सासूबाईंची, हक्क त्यांचा. त्या म्हणाल्या, "मला ती दोनदा नेसायला मिळाली. दोन्ही वेळा फाटेल म्हणून श्वास धरून बसले होते. काप."

शिंपीकाका, तुमचं उत्तर दोनदा वाचून त्यांना ऐकवलं. मुंढ्याच्या ओळीवर म्हणाल्या, "हा माणूस खरा शिंपी आहे." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट आमच्या घरात मिळत नाही.

स्पष्टवक्ती | २४ नोव्हेंबर, रात्री ८:२०

सगळं छान, पण एक विचारू? नियम फक्त पोरीला का? गळ्याचं हाड, कोपर, पोटरी. धाकटा हाफ चड्डीत चर्चला आला तर आजी काय म्हणतात? घरच्या शिवणाचं कौतुक करता करता आपण पोरीच्या अंगावर टेप लावून बसतो, याचं मला वाईट वाटतं.

धारवाली | २४ नोव्हेंबर, रात्री ८:४५

चर्चेचा धागा सणाचा आहे हो.

स्पष्टवक्ती | २४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सणालाच तर विचारायचं. एरवी कोण कुणाला पूर्ण बाही शिवतंय?

खेडची | २४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मी कोकणातली, आमच्या घरात पूर्ण बाही आणि ओढणी कायमचीच, म्हणून बोलते. स्पष्टवक्तीचा प्रश्न बरोबर आहे. आणि पूर्ण बाही मला आवडते, हेही खरं. फरक कुठे पडतो सांगू? माझी आई मला दुकानात नेऊन म्हणायची, "कापड तू निवड, लांबी मी सांगते." मोठी झाल्यावर लांबीही मीच सांगायला लागले आणि ती तेवढीच निघाली.

आता कामाचं. लेकीला नेटचा अर्ध्या बाह्यांचा ड्रेसही हवाच असेल तर सुट्ट्या बाह्या करून ठेवा. होजिअरीचं कापड, मनगटापासून दंडापर्यंत नळी, वरच्या टोकाला रुंद इलॅस्टिक. अरुंद घेतलंत तर दंडावर वळ उठतो. अशी एक जोडी असली की कपाटातले चार-पाच कपडे एकदम घालण्याजोगे होतात. आणि घेर लांब असेल तर पुढून पाऊण-एक इंच आखूड ठेवा, जिन्यावर पाय अडकत नाही. घागऱ्याला नाही, पण चुण्यांच्या घेराला नक्की.

सुईदोरा | २५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

स्पष्टवक्ती, राग नाही आला. उलट तुमचं वाचून मी सासूबाईंना सरळ विचारलं, की हाच नियम नातवाला का नाही. त्या म्हणाल्या, "त्यालाही आहे, तू पाहिलं नाहीस." मग आठवलं. गेल्या वर्षी नवरा चुरगळलेल्या शर्टात चर्चला निघाला तेव्हा त्याला दारातून परत पाठवला होता. आणि धाकट्याची जीन गुडघ्यावर फाटकी, विकतच फाटकी घेतलेली, ती त्यांनी आतून रफू करून टाकली होती. पोराने दोन दिवस जेवण सोडलं. तेव्हा नियम सगळ्यांना आहे. तरी पोरीच्या वाट्याला टेप जास्त येते, हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. माझ्याही आली होती.

एक मात्र सांगते. सासूबाई टेपने मापत नाहीत. कपडा तयार झाला की त्या तीन गोष्टी करून दाखवायला लावतात: दोन्ही हात वर कर, जमिनीवर बसून ऊठ, खाली वाकून चप्पल उचल. या तिन्हीत कुठे ओढायला, सावरायला लागलं नाही तर कपडा पास. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला माझा विकतचा अनारकली यात नापास झाला होता. बाही पूर्ण होती, गळा बंद होता, पण वाकले की पाठीची चेन उसवायची. चर्चमध्ये प्रार्थनेला दहा वेळा उठायचं-बसायचं असतं, लहान मूल कडेवर असतं. ज्या कपड्याकडे तुमचाच हात सारखा जातो त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, असं त्या म्हणतात. मला हे पटतं. उघड्या खांद्यांचा ड्रेस लेकीने मैत्रिणीचा घालून पाहिला होता, संपूर्ण वाढदिवस तो वर ओढण्यात गेला. हे तिने स्वतः कबूल केलंय, आजीसमोर नव्हे.

वसईकरीण | २५ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

आमच्या वसईत नाताळ म्हणजे घराघरांत गोठा, कंदील आणि पाहुणे. शिवणातलं कळत नाही. केकबद्दल बोला ना. मेवा कशात भिजवलाय? आमच्याकडे रम.

सुईदोरा | २५ नोव्हेंबर, दुपारी २:००

आमच्याकडे रम नाही, सासूबाई मिशनच्या शिस्तीतल्या. संत्र्याचा रस, त्यात थोडा लिंबाचा. फ्रीजमध्येच ठेवते आणि दोन-तीन दिवसांनी हलवते. रसातला मेवा रमसारखा टिकत नाही, म्हणून तीन आठवड्यांच्या आत वापरते. यंदा घाईने लवकर भिजवला, तेव्हा पहिला केक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच होणार. भाजायला गल्लीच्या तोंडच्या बेकरीत नेते. घोटलेलं मिश्रण डब्यांत भरायचं, चिठ्ठीवर नाव लिहून चिकटवायची. त्यांच्या भट्टीतून उतरलेल्या केकची सर घरच्या ओव्हनला येत नाही. एका वर्षी चिठ्ठी उडाली आणि आमच्या घरी कुणाचा तरी बिनमेव्याचा केक आला. आमचा कुणी खाल्ला, आजतागायत पत्ता नाही.

फराळ मराठीच. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध इंदुरी शेव. शेव नसेल तर कॅरलवाले दुसरं गाणं म्हणत नाहीत.

वसईकरीण | २५ नोव्हेंबर, दुपारी २:२५

बिनमेव्याचा केक! त्या घरी त्या वर्षी चमत्कार झाला म्हणायचा.

सुईदोरा | १ डिसेंबर, रात्री ११:४५

कापली.

काल आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार होता. चर्चमध्ये जांभळं वस्त्र, पहिली मेणबत्ती. घरीही सासूबाईंनी चार मेणबत्त्या मांडल्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. ती गुलाबी तिसऱ्या रविवारी लावायची. नाताळला मग पांढरी-सोनेरी सजावट. लेक म्हणाली, "चर्चसुद्धा चार आठवडे एकाच रंगाचे कपडे घालतं, मला का सांगता?" काय उत्तर द्यायचं?

तर आज जेवणं झाल्यावर जमिनीवर चादर घातली, त्यावर साडी. पहिला काप मीच घेतला. जुन्या रेशमाचा आवाज वेगळा येतो, कोरड्या पानासारखा. सासूबाईंनी तेवढ्यापुरतं बाहेर बघितलं.

घेर झाला. पाठ-पुढा झाला. बाह्या उद्या.

निवृत्त_शिंपी | २ डिसेंबर, सकाळी ८:००

बाह्या कापताना घाई नको. कागद आधी कापा.

सुईदोरा | ३ डिसेंबर, रात्री १:२०

काका, घाई केली.

झोप लागत नाहीये म्हणून लिहितेय. बाहीच्या जागेत मध्येच एक विरळ डाग निघाला. म्हणून कापड दुमडून दोन्ही बाह्या एकत्र कापायच्या ऐवजी एकेक कापली. कागद एकच. पहिली कापली, कागद उचलला, विरळ जागा टाळून पुढे ठेवला, दुसरी कापली. कागद उलटा करायचा राहिला. आता मुंढ्याला लावून बघते तर दोन्ही डाव्या हाताच्या! पुढचा खोलगट भाग दोन्हींचा एकाच बाजूला. कापड संपलंय. ११ इंचांच्या पट्टीत बाही बसत नाही, ती कफला लागणार आहे. उरलेली साडी सगळी फाटकी.

सासूबाईंना सांगितलं नाही. लेकीलाही नाही. राजवाडाजी, बोला आता काय बोलायचं ते.

राजवाडा७१ | ३ डिसेंबर, सकाळी ६:१५

काही नाही बोलणार ताई. चहा घ्या. शिंपीकाका उठले की बघू.

धारवाली | ३ डिसेंबर, सकाळी ७:००

फाटक्या भागातून दोन तुकडे जोडून बाही होईल का? कोपरावर जोड आणि त्यावर लेस?

निवृत्त_शिंपी | ३ डिसेंबर, सकाळी ७:१०

ताई, हसू येतंय, माफ करा. जोड नको, लेस नको.

एक बाही उचला. उलटी करा. झाली उजव्या हाताची.

दुसऱ्या कुठल्या छापील किंवा जरीच्या कापडात हे जमलं नसतं, उलट बाजू उघडी पडली असती. तुमच्या हातात माहेश्वरी आहे. तिला उलट-सुलट नसते. किनारसुद्धा दोन्ही बाजूंनी सारखी विणतात, बुगडी म्हणतात त्या किनारीला. साडी कशीही नेसली तरी चालावी म्हणून विणकरांनी करून ठेवलेली सोय, ती आज तुमच्या कामी आली.

फक्त अस्तर जोडायच्या आधी करा. जोडलं असेल तर कच्चा टाका उसवा.

सुईदोरा | ३ डिसेंबर, सकाळी ७:३५

काका.

उलटी केली. बसली.

माझ्या डोक्यात का आलं नाही? रात्रभर तिच्याकडे बघत बसले होते. साडी दोन्ही बाजूंनी सारखी आहे हे मला ठाऊक होतं, लग्नापासून ऐकतेय. पण हातात बाही आली की मी शिवणारी होते, नेसणारी नव्हते.

गराडू | ३ डिसेंबर, सकाळी ९:००

सकाळी सकाळी हा धागा वाचून चहा सांडला. शिंपीकाकांना सराफ्यात एक प्लेट माझ्याकडून.

निवृत्त_शिंपी | ३ डिसेंबर, सकाळी ९:३०

दात नाहीत. रबडी चालेल.

स्पष्टवक्ती | ३ डिसेंबर, दुपारी १२:००

मी भांडायला आले होते, आता रोज धागा उघडून बघते बाही बसली का.

सुईदोरा | १२ डिसेंबर, रात्री १०:००

मधले दिवस कसे गेले कळलं नाही. थोडक्यात सांगते. धाकट्याचं बाग प्रिंटचं जाकीट झालं, धारवालीताईंच्या सांगण्यावरून कापड आधी धुतलं, बादलीतलं पाणी बघून नवरा घाबरला. त्याला आत फलालीनचं अस्तर दिलं, रात्री पारा दहाच्या खाली जायला लागलाय. नणंदेच्या बाळाला मलमलचं झबलं, बंद मागे. ब्लाउज मात्र यंदा वेळ नव्हता म्हणून बाहेर टाकले, ते बघून सासूबाईंनी फक्त "हं" केलं. दोन्ही काखांत ओढतात. पुढच्या वर्षी नाही.

मेवा संपवायचा होता म्हणून दोन केक शनिवारीच भाजून आणले. या वेळी चिठ्ठीवर सेलोटेप.

ड्रेसला कफ लावले, पट्टीची किनार मनगटावर आली. गळा बंद, मागे काजं-बटणं, कारण जुन्या रेशमाला चेनची ओढ नको. लेकीने अट घातली, खिसा पाहिजे. खिसा घेराच्या शिवणीत, अस्तराच्याच मलमलचा. वरच्या बाजूने तो कंबरपट्टीत अडकवला, म्हणजे फोनचं वजन रेशमावर पडत नाही. फोन ठेवून बघितला. मग सासूबाईंची परीक्षा. हात वर: ड्रेस जागेवर. बसून उठली: जागेवर. चप्पल उचलली. सासूबाई म्हणाल्या, "पास." लेक म्हणाली, "आजी, आता तू कर." त्यांनी खुर्चीवर बसूनच दोन्ही हात वर केले. जेवढे जातात तेवढे.

खेडची | १३ डिसेंबर, सकाळी ८:१०

पुढून पाऊण इंच आखूड ठेवलात ना?

सुईदोरा | १३ डिसेंबर, सकाळी ८:३०

ठेवला. आमच्या घराला अकरा पायऱ्या आहेत, तुमची आठवण रोज होणार.

सुईदोरा | २६ डिसेंबर, दुपारी ४:००

घर झोपलंय, म्हणून बसले लिहायला.

कॅरलवाले १९ तारखेला रात्री पावणेबाराला आले. ढोलक, गिटार, मफलर आणि तीस-बत्तीस जण. लेकीने ड्रेस पहिल्यांदा तेव्हा घातला, वरून स्वेटर. शेव संपली, करंज्या उरल्या.

चोवीसच्या रात्रीची उपासना, थंडी मरणाची. उजेड भरपूर होता. तिथे मला दिसलं, जे घरच्या दिव्यात दिसलं नव्हतं. उलटी केलेली उजवी बाही डावीपेक्षा गडद आहे. अगदी किंचित. साडीची जी बाजू वर्षानुवर्षं वर राहिली ती उडालीय, आतली तशीच डाळिंबी राहिली. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना. अख्ख्या प्रवचनात मी लेकीचे हात बघत होते.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. दोन डाव्या बाह्या, रात्रीचं रडणं, काका, सगळं. त्यांनी लेकीला दिव्याखाली उभं केलं, उजवी बाही जवळ घेऊन बघितली. बराच वेळ. मग म्हणाल्या, "सासूबाई नेसायच्या तेव्हा हा रंग होता. मी विसरले होते."

लेकीने दुसऱ्या दिवशी तोच ड्रेस पुन्हा घातला आणि मैत्रिणींना उजवा हात पुढे करून दाखवत फिरली.

राजवाडा७१ | २६ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

ताई, नाताळच्या शुभेच्छा. आईची साडी आज बाहेर काढली. घडी बदलून ठेवली. कापणार नाही हां, पण घडी बदलली.

वसईकरीण | २६ डिसेंबर, संध्याकाळी ७:००

सगळ्यांना सुखी नाताळ! आणि नंतरचा केक? चिठ्ठी राहिली का जागेवर?

सुईदोरा | २६ डिसेंबर, रात्री ९:१५

राहिली. आमचाच आला, मेव्यासकट.

एक बातमी राहिली. आजी-नातीने परस्पर तह केलाय. ईस्टरला बाही कोपरापर्यंत चालेल, त्याच्या बदल्यात गळा आजी म्हणेल तसा. मला कुणी विचारलेलं नाही, कापड मात्र मीच आणायचंय.

निवृत्त_शिंपी | २७ डिसेंबर, सकाळी ७:५०

ईस्टरपर्यंत तुमच्याकडे ऊन तापलेलं असेल. मलमल घ्या, धुवून. आणि बाहीचे कागद दोन कापा, एकावर डावा लिहा, एकावर उजवा.